खुर्चीवरून उठणारा जनरल

"हा देश एकदा दहा वर्षं मिलिटरीच्या ताब्यात द्या, मग बघा कसे सगळे सुतासारखे सरळ येतात."

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. लोकलमध्ये, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मीटिंगनंतर जिन्यात उभं राहून. म्हणणारी माणसं वाईट नसतात. खड्डे, कोर्टातल्या तारखा, पैसे चारल्याशिवाय न हलणाऱ्या फायली, निवडणुकीनंतर पक्ष बदलणारे आमदार या सगळ्याला ती विटलेली असतात. शिस्त कुठे दिसते, तर सैन्यात. म्हणून मग हा उपाय सुचतो. तरीही मला हे वाक्य ऐकवत नाही. समोरच्याला माझं म्हणणं पटवायचं असेल तेव्हा मी नेहमी एकाच माणसाबद्दल बोलते. चार्ल्स द गॉल, फ्रान्सचा जनरल आणि पुढे राष्ट्राध्यक्ष. ज्यांना जनरलच्या हाती देश हवा आहे त्यांनी या जनरलचं आयुष्य नीट वाचावं असं मला फार वाटतं.

आधी एक लक्षात घेऊ. फ्रान्सने देश सैनिकाच्या हाती देऊन बघितलेला आहे. मे-जून १९४० मध्ये हिटलरच्या रणगाड्यांनी अवघ्या सहा आठवड्यांत फ्रेंच सैन्य मोडून काढलं. पॅरिस पडलं, लाखो लोक हातगाड्या, सायकली घेऊन रस्त्यावर आले. अशा वेळी देशाने कोणाकडे बघितलं? ८४ वर्षांच्या मार्शल पेताँकडे. पहिल्या महायुद्धात व्हर्दाँची लढाई लढवलेला, घराघरात ज्याचा फोटो होता असा वीरपुरुष. १० जुलै १९४० रोजी व्हिशी गावात संसद भरली आणि ५६९ विरुद्ध ८० मतांनी तिने सगळे अधिकार पेताँच्या हवाली केले. भांडखोर पक्ष गेले, निवडणुका गेल्या, शिस्त आली. तीन महिन्यांच्या आत ज्यूंविरुद्धचा कायदाही आला. जुलै १९४२ मध्ये पॅरिसमध्ये सुमारे १३ हजार ज्यू स्त्रीपुरुष आणि मुलं पकडली गेली. त्यांना पकडणारे पोलीस फ्रेंच होते.

आता द गॉलकडे येऊ. गंमत अशी की तो या पेताँचाच माणूस. जन्म १८९० चा, लील शहरातला, वडील शिक्षक. लष्करी शाळेतून बाहेर पडल्यावर अरासमधल्या ज्या पलटणीत तो दाखल झाला, तिचा कर्नल पेताँ होता. उंची साडेसहा फुटांच्या आसपास. पहिल्या महायुद्धात तीनदा जखमी झाला. १९१६ मध्ये व्हर्दाँच्या लढाईत मांडीत संगीन घुसून तो जर्मनांच्या हाती लागला, तो युद्ध संपेपर्यंत कैदेतच राहिला. पाच वेळा पळून जायचा प्रयत्न केला आणि पाचही वेळा सापडला. पुढे १९३४ मध्ये त्याने रणगाड्यांच्या स्वतंत्र, व्यावसायिक तुकड्या उभारा असं सांगणारं पुस्तक लिहिलं. फ्रान्सच्या सेनापतींनी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. सहा वर्षांनी जर्मन रणगाडे आले तेव्हा वेळ निघून गेली होती.

मे १९४० मध्ये, लढाई हरत चाललेली असताना, त्याला तात्पुरता ब्रिगेडियर जनरल केलं गेलं. हा 'तात्पुरता' शब्द लक्षात ठेवा. १७ जूनला तो बोर्दोहून एका छोट्या ब्रिटिश विमानाने लंडनला गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बीबीसीवरून बोलला: फ्रान्समधल्या लढाईने या युद्धाचा निकाल लागलेला नाही, हे युद्ध जगाचं आहे, ज्यांना शक्य आहे त्यांनी माझ्याकडे या. हे भाषण त्या दिवशी फारच थोड्यांनी ऐकलं. त्याचं ध्वनिमुद्रणही राहिलेलं नाही. तेव्हा त्याच्याकडे ना सैन्य होतं, ना पैसा, ना कोणत्याही निवडणुकीची मान्यता. ऑगस्टमध्ये पेताँच्या राजवटीने त्याच्या गैरहजेरीत कोर्ट मार्शल केलं आणि त्याला मृत्युदंडाची शिक्षा ठोठावली.

पाच वर्षांनी फासे उलटले. पेताँवर खटला चालला आणि त्यालाही मृत्युदंड झाला. सरकारचा प्रमुख होता द गॉल. त्याने ती शिक्षा जन्मठेपेत बदलली.

युद्धाच्या पुढच्या चार वर्षांबद्दल पुष्कळ लिहिता येईल, पण मी थोडक्यात आटोपते. चर्चिल त्याला वैतागायचा आणि तरीही सांभाळायचा. रूझवेल्टला तो भावी हुकूमशहा वाटायचा. अमेरिकेने त्याच्या सरकारला मान्यता दिली ती ऑक्टोबर १९४४ मध्ये, पॅरिस मुक्त होऊन दोन महिने झाल्यावर. त्याला सर्वांत आधी साथ देणाऱ्यांत आफ्रिकेतल्या चाड वसाहतीचा कृष्णवर्णीय गव्हर्नर फेलिक्स एबुए होता. आपल्याकडची पाँडिचेरीसुद्धा १९४० मध्येच त्याच्या बाजूने उभी राहिली. फ्रेंच स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळाला तो त्याच्या राष्ट्रीय मुक्ती समितीच्या एप्रिल १९४४ च्या वटहुकमाने. या सगळ्यानंतर २६ ऑगस्ट १९४४ रोजी तो शाँज-एलिझेवरून चालत गेला तेव्हा दुतर्फा लाखो लोक होते. त्या दिवशी त्याने ठरवलं असतं, तर मरेपर्यंत राज्य करण्यापासून त्याला कोणी अडवलं असतं असं मला वाटत नाही.

त्याने काय केलं? निवडणुका घेतल्या. संसद निवडून आली, पक्षांची भांडणं पुन्हा सुरू झाली, नव्या घटनेत खरी सत्ता संसदेकडेच ठेवायची असं पक्षांनी ठरवलं. त्याला ते मान्य नव्हतं. २० जानेवारी १९४६ ला त्याने राजीनामा दिला आणि घरी गेला. लोक लवकरच आपल्याला परत बोलावतील असा त्याचा होरा होता. तसं काही झालं नाही. मधे स्वतःची संघटना काढली, ती काही वर्षांत ओसरली. कोलोंबे नावाच्या खेड्यातल्या घरात आठवणी लिहीत तो बारा वर्षं बसून राहिला.

त्या घराबद्दल थोडं सांगायलाच हवं. त्यांची धाकटी मुलगी आन १९२८ ची. तिला डाउन सिंड्रोम होता. त्या काळात अशी मुलं संस्थांत ठेवून देत, पाहुण्यांसमोर त्यांचं नावही निघत नसे. द गॉल आणि त्याची बायको इव्हॉन यांनी तिला कायम जवळ ठेवलं. कोलोंबेचं घर १९३४ मध्ये घेतलं, तेही तिला शांत, मोकळं राहता यावं म्हणूनच. ज्याच्याशी बोलताना मंत्र्यांची जीभ अडखळायची असा हा ताठ माणूस तिला मांडीवर घेऊन गाणी म्हणायचा, स्वतःची लष्करी टोपी तिला खेळायला द्यायचा. फेब्रुवारी १९४८ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, न्यूमोनियाने ती गेली. दफनानंतर तो बायकोला म्हणाला, "चल, आता ती इतर मुलांसारखी झाली." अशा मुलींसाठी या दोघांनी संस्था काढली आणि त्याच्या आठवणींच्या पुस्तकांचा पैसा तिकडे गेला. नेत्यांच्या घरगुती गोष्टींनी मी सहसा भारावत नाही. पण ज्याच्या हातात सैन्य असतं, तो दुबळ्याशी एकांतात कसा वागतो हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता १९५८. इथे त्याच्यावर डाग आहे आणि तो झाकायचं मला कारण नाही.

अल्जीरिया ही फ्रान्सची वसाहत; फ्रेंच तिला फ्रान्सचाच भाग मानत. तिथे जवळपास दहा लाख युरोपीय वस्तीला होते आणि सुमारे नव्वद लाख मुस्लिम अल्जीरियन दुय्यम नागरिक म्हणून जगत होते. १ नोव्हेंबर १९५४ ला स्वातंत्र्ययुद्ध पेटलं. फ्रेंच सैन्याने छळछावण्या चालवल्या, गावं उठवली, तरी युद्ध संपेना. इकडे पॅरिसमध्ये बारा वर्षांत वीसहून जास्त सरकारं बदलली. १३ मे १९५८ ला अल्जीयर्समध्ये जमावाने सरकारी कचेरीचा ताबा घेतला, जनरल मंडळी त्यात सामील झाली. काही दिवसांत पॅराट्रूपर्सनी कॉर्सिका बेट घेतलं. पुढचा बेत थेट पॅरिसवर उतरण्याचा होता. या बंडवाल्यांची मागणी एकच: द गॉलला आणा. द गॉलने त्यांचा स्पष्ट निषेध केला नाही. बंदुकीची सावली त्याच्या उपयोगाची होती आणि ती त्याने वापरली. "सदुसष्टाव्या वर्षी मी हुकूमशहाचं करिअर सुरू करीन असं वाटतं का तुम्हाला?" असं त्याने पत्रकारांना विचारलं, पण मितराँसारख्या विरोधकांना हे बंडच वाटलं आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. एवढं मात्र खरं की तो संसदेसमोर उभा राहिला, ३२९ विरुद्ध २२४ मतं पडली, मगच खुर्चीवर बसला. सप्टेंबरमध्ये नवी घटना जनतेसमोर सार्वमताला ठेवली. ऐंशी टक्क्यांच्या आसपास लोकांनी होकार दिला. त्यानंतर तो राष्ट्राध्यक्ष झाला.

जनरलांना वाटलं, आपला माणूस बसला. अल्जीरिया आता कायमचा फ्रान्सचा. अल्जीयर्सच्या सज्जात उभं राहून "मी तुम्हाला समजून घेतलंय" असं म्हणत त्यानेही त्यांची समजूत तशीच राहू दिली. पण सव्वा वर्षातच, सप्टेंबर १९५९ मध्ये, त्याने जाहीर केलं की अल्जीरियाचं भवितव्य अल्जीरियन ठरवतील. जानेवारी १९६१ मध्ये सार्वमत घेऊन त्यावर मोहोर उमटवली.

मग २२ एप्रिल १९६१ ची पहाट. शाल, सालाँ, झुओ, झेलेर. चार निवृत्त जनरल, सगळे चार-पाच ताऱ्यांचे, त्यांनी अल्जीयर्स ताब्यात घेतलं. पॅरिसमध्ये विमानतळ बंद झाले. आता पॅराट्रूपर्स उतरणार या भीतीने पंतप्रधान दब्रेने मध्यरात्री टीव्हीवर येऊन लोकांना सांगितलं की भोंगे वाजले की पायी जा, गाडीने जा, विमानतळांवर जाऊन या सैनिकांना समजवा.

त्याआधी काही तास, रविवारी रात्री आठ वाजता, द गॉल टीव्हीवर आला होता. एरवी तो सुटात असायचा. त्या रात्री अंगावर दोन तारे असलेला ब्रिगेडियर जनरलचा गणवेश होता, तोच तात्पुरत्या हुद्द्याचा. त्याने बंडखोरांची संभावना 'मूठभर निवृत्त जनरल' अशी केली. तीनदा "हाय रे" म्हणाला, कारण हे पाप करणारे त्याच्याच सैन्याचे होते. आणि मग सरळ हुकूम दिला: कोणत्याही फ्रेंच माणसाने, सर्वांत आधी कोणत्याही सैनिकाने, यांचा एकही आदेश पाळायचा नाही.

अल्जीरियात तेव्हा चार लाखांहून जास्त फ्रेंच सैनिक होते, बहुतेक सक्तीच्या भरतीने आलेली विशीतली पोरं. नुकतेच स्वस्त झालेले ट्रान्झिस्टर बराकींत पोचले होते. वरच्या अधिकाऱ्यांनी काहीही सांगितलं तरी पॅरिसचा आवाज थेट पोरांच्या कानात येत होता. त्यांनी बंडखोर कर्नलांचे हुकूम ऐकणं थांबवलं. कुठे गाड्याच सुरू होईनात, कुठे वैमानिक विमानं घेऊन फ्रान्सला निघून गेले. चार दिवसांत बंड कोसळलं. शालने शरणागती पत्करली.

मला या माणसाच्या आयुष्यातला सर्वांत मोठा क्षण विचाराल तर मी हा सांगेन. १९४० चं भाषण परक्या सैन्याविरुद्ध होतं. हे स्वतःच्या जातभाईंविरुद्ध होतं, ज्यांनी त्याला तीन वर्षांपूर्वी खुर्चीजवळ आणून सोडलं होतं त्यांच्याविरुद्ध. गणवेश घातला तो गणवेशवाल्यांना 'तुमची जागा निवडून आलेल्या सरकारच्या खाली आहे' हे सांगण्यासाठी.

त्याच वर्षी डिसेंबरात आपल्याकडे गोवा मुक्त झाला. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघण्यासारख्या आहेत. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार सैनिक नव्हताच, तो अर्थशास्त्राचा प्राध्यापक. त्याने गोव्याच्या गव्हर्नर जनरलला, व्हासालो ए सिल्व्हाला, कळवलं होतं की आपले सैनिक एकतर जिंकलेले असतील किंवा मेलेले. शरणागती नाही. पणजी बेचिराख झाली असती तरी लिस्बनला चाललं असतं. गव्हर्नरने ते ऐकलं नाही, १९ डिसेंबरला शरणागती दिली, आणि याची शिक्षा म्हणून पुढे त्याला सैन्यातून काढून टाकलं गेलं. सालाझारची राजवट आफ्रिकेतल्या वसाहतींसाठी १९७४ पर्यंत लढत राहिली. शेवटी कंटाळलेल्या पोर्तुगीज सैन्यानेच ती उलथून टाकली. याउलट पाँडिचेरी, कराईकल, माहे, यानम. कारभार १९५४ लाच आपल्याकडे आला होता, पण कायदेशीर हस्तांतराचा करार फ्रेंच संसदेत मंजुरीविना पडून होता. अल्जीरियाचा प्रश्न मिटेपर्यंत कोणी त्याला हात लावायला धजेना. जुलै १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला आणि १६ ऑगस्ट १९६२ ला पाँडिचेरीचं हस्तांतर पूर्ण झालं. त्यासाठी लढाई झाली नाही.

पण अल्जीरियातून बाहेर पडण्याची किंमत कोणी मोजली, हेही लिहायला हवं. १७ ऑक्टोबर १९६१ च्या रात्री पॅरिसमध्ये संचारबंदीविरुद्ध निःशस्त्र मोर्चा काढणाऱ्या अल्जीरियन लोकांवर पोलीस तुटून पडले. कित्येकांची प्रेतं सेन नदीत सापडली. मेलेल्यांचा आकडा आजही वादाचा आहे. काही इतिहासकार तो दोनशेच्या घरात नेतात. पोलीसप्रमुख होता मोरिस पापाँ, पेताँच्या व्हिशी राजवटीत ज्यूंना छावण्यांत पाठवण्यात हात असलेला अधिकारी. द गॉलने त्याला हटवलं नाही. तो १९६७ पर्यंत त्याच खुर्चीत होता. आणि हार्की. फ्रेंच सैन्याच्या बाजूने लढलेले अल्जीरियन मुस्लिम. निघताना फ्रान्सने त्यांची शस्त्रं काढून घेतली आणि बहुतेकांना तिथेच सोडलं. हजारोंच्या संख्येने ते मारले गेले. जे कसेबसे फ्रान्समध्ये पोचले त्यांना वर्षानुवर्षं काटेरी तारांच्या छावण्यांत ठेवलं. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षाने त्यांची माफी मागितली ती २०२१ मध्ये. एका सैनिकाने आपल्या बाजूने लढलेल्या सैनिकांना असं टाकून द्यावं, याला माझ्याकडे कसलंही समर्थन नाही. मोठेपणाच्या हिशोबात मी हे वजा करतेच.

अल्जीरिया सोडल्याबद्दल त्याला मारायचे अनेक प्रयत्न झाले. सर्वांत गाजलेला २२ ऑगस्ट १९६२ चा, पॅरिसजवळच्या पेती-क्लामारचा. गाडीवर गोळ्यांचा पाऊस पडला, टायर फुटले, ड्रायव्हरने तशीच गाडी दामटली. तो आणि इव्हॉन, दोघांनाही ओरखडा नाही. कटाचा म्होरक्या हवाई दलाचा लेफ्टनंट कर्नल होता.

१९६८ च्या मे महिन्यात विद्यार्थी आणि कामगार रस्त्यावर उतरले तेव्हा मात्र हा माणूस गोंधळला होता. सरकारी टीव्हीवर पकड ठेवून, वरून उपदेश करून नवी पिढी ऐकेल असं त्याला वाटत राहिलं. एक दिवस कोणालाही न सांगता तो जर्मनीतल्या फ्रेंच छावणीत निघून गेला. परत येऊन निवडणुका घोषित केल्या आणि त्याच्या पक्षाने त्या प्रचंड बहुमताने जिंकल्या. इथेच थांबला असता तर १९७२ संपेपर्यंत मुदत होती.

तो थांबला नाही. एप्रिल १९६९ मध्ये प्रदेशांना अधिकार देणं आणि सिनेटची रचना बदलणं या तशा रूक्ष विषयावर त्याने सार्वमत घेतलं आणि आधीच सांगितलं की तुम्ही 'नाही' म्हणालात तर मी लगेच जाईन. २७ एप्रिलला ५२ टक्क्यांहून थोडे जास्त लोक 'नाही' म्हणाले. मध्यरात्रीनंतर काही मिनिटांत कोलोंबेहून दोन वाक्यांचं निवेदन निघालं. राष्ट्राध्यक्षपदाचं काम मी थांबवत आहे. हा निर्णय आज दुपारी बारापासून अमलात येईल. घटनेप्रमाणे हंगामी राष्ट्राध्यक्ष झाला सिनेटचा अध्यक्ष आलाँ पोएर, याच सार्वमतात 'नाही'चा प्रचार करणारा विरोधक.

याच्या साधारण महिनाभर आधी, २५ मार्च १९६९ ला, आपल्या शेजारी आणखी एका जनरलने सत्ता सोडली होती. पाकिस्तानचा अयुब खान. योगायोग बघा, तोही १९५८ मध्येच सत्तेवर आला होता. १९५९ मध्ये आपल्याच मंत्रिमंडळाकडून फील्ड मार्शल झाला. १९६२ ची घटना त्याने स्वतः दिली होती, त्या घटनेप्रमाणे त्याच्या मागे कारभार जायला हवा होता राष्ट्रीय सभेच्या सभापतीकडे. अयुबने आपलीच घटना बाजूला ठेवून तो दिला सेनापती याह्या खानकडे. पुढच्या दोन वर्षांत ढाक्यात काय घडलं ते आपल्याला माहीत आहे.

द गॉल मात्र शेवटपर्यंत दोन ताऱ्यांचाच राहिला. राष्ट्राध्यक्षाचं निवृत्तिवेतन त्याने घेतलं नाही. अंत्यविधीच्या सूचना १९५२ मध्येच लिहून ठेवल्या होत्या: सरकारी इतमाम नको, मंत्री नकोत, भाषणं नकोत, मरणोत्तर पदक किंवा बढती नको, आनच्या शेजारी पुरा, दगडावर नाव आणि सालं एवढंच. ९ नोव्हेंबर १९७० ला पत्ते मांडत बसलेला असताना तो गेला. गावकरी पोरांनी शवपेटी खांद्यावर घेतली. जगभरचे राष्ट्रप्रमुख त्या दिवशी पॅरिसच्या नोत्र-दाममध्ये, शवपेटीविना प्रार्थना करत होते.

त्याने घडवलेली घटना मात्र आजही चालू आहे, आणि माझी त्याच्याविषयीची खरी तक्रार इथेच आहे. राष्ट्राध्यक्षाची खुर्ची त्याने स्वतःच्या मापाची केली. हरलो तर उठायचं, हे त्याने कागदावर कुठेच लिहिलं नाही, कारण त्याला स्वतःसाठी ते लिहायची गरज वाटली नसावी. ज्या मितराँने या घटनेवर आयुष्यभर टीका केली, तो त्याच खुर्चीत चौदा वर्षं आरामात बसला. आणि स्वतःला द गॉलचा वारस म्हणवणारा जाक शिराक २९ मे २००५ ला युरोपीय घटनेवरचं सार्वमत हरला. जवळपास ५५ टक्के लोक 'नाही' म्हणाले होते, १९६९ पेक्षाही जास्त. शिराकने पंतप्रधान बदलला आणि स्वतः आणखी दोन वर्षं खुर्चीवर राहिला.